स्वस्त बाणाचा मोठा दोष

स्वस्त बाणात दोष एकच आहे, पण मोठा आहे: त्याने काम भागते.

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांपुढे दर उन्हाळ्याच्या अखेरीस एक पेच उभा राहतो. कार्बनचे डझनभर बाण सत्तर-ऐंशी डॉलरना मिळतात आणि तीनशे डॉलरच्या वरही मिळतात. घ्यावेत कुठले? अडाणी माणूस याचे उत्तर पाच मिनिटांत देऊन सरावाला लागतो. जाणकाराला त्यासाठी आख्खा ऑगस्ट लागतो. प्रस्तुत लेखक जाणकारांच्या बाजूचा आहे.

आधी सरळपणाचे बघू. बाणाची काडी किती सरळ आहे ते इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. स्वस्त काडीला सहा हजारांशांची सूट असते, मधलीला तीन आणि महाग काडीला फक्त एका हजारांशाची. पुष्कळदा एकाच घाण्यातल्या काड्या मोजून, निवडून, तीन ढीग करून तीन भावांना विकतात. एक हजारांश इंच म्हणजे पंचवीस मायक्रॉन. माणसाच्या डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड भरतो. आता हरणाच्या छातीतली जी जागा साधायची ती आठ-दहा इंचांची असते आणि बाण सुटतो तो बहुतेक वेळा वीस-तीस यार्डांवरून. टीकाकार इथे हसतात. त्यांच्या हे ध्यानात येत नाही की काडीतला बाक काढून टाकल्यावर उरलेली सगळी चूक, म्हणजे थरथरता हात, चढलेला श्वास, अंतराचा फसलेला अंदाज, ही निखळ धनुर्धराची स्वतःची राहते. तीत कारखान्याची भेसळ नसते. इतके शुद्ध अपयश तीनशे डॉलरमध्ये दुसरीकडे कुठे मिळते?

काही रूक्ष लोक सांगतात की सरळपणापेक्षा स्पाइन, म्हणजे काडीचा ताठपणा, महत्त्वाचा. अठ्ठावीस इंचांवरच्या दोन आधारांवर काडी आडवी ठेवायची, मधोमध 1.94 पौंडांचे वजन टांगायचे आणि ती किती लवते ते पाहायचे. अर्धा इंच लवली तर स्पाइन 500. आकडा जितका लहान तितकी काडी ताठ. धनुष्याची ओढ किती पौंडांची, काडी किती लांब, टोकाला वजन किती, यांवर कुठला आकडा हवा ते ठरते आणि तो चुकला तर महागातला महाग बाणही शेपूट हलवत जातो. बरोबर स्पाइनचा स्वस्त बाण चुकीच्या स्पाइनच्या महाग बाणापेक्षा सरळ उडतो, हे खरेच आहे. पण स्पाइनचा तक्ता कुठल्याही दुकानात फुकट बघायला मिळतो, आणि फुकट मिळालेल्या ज्ञानाने कुणाचे समाधान झाले आहे?

वजनाचा वाद याहून रंगतदार. एक पंथ हलक्या, वेगवान बाणाचा. दुसरा पंथ जड बाणाचा, आणि त्याचे आचार्य डॉ. एड अ‍ॅशबी. आफ्रिकेतल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या घेऊन त्यांनी सांगितले की जाड हाड फोडायचे तर बाण 650 ग्रेनच्या, म्हणजे सुमारे बेचाळीस ग्रॅमच्या खाली असू नये. रानरेड्यांच्या बाबतीत हा सल्ला मोलाचा आहे. ओहायोतल्या मक्याच्या शेतात अजून रानरेडा आलेला नाही, तिथे पांढऱ्या शेपटीचे हरीण येते, ज्याची बरगडी साधा बाणही भेदून जातो. पण रेडा येणारच नाही याची हमी कोण देणार? म्हणून दूरदर्शी माणूस दोन्ही पंथांचे एकेक डझन घेऊन ठेवतो.

आता उलट बाजूचा सर्वांत त्रासदायक साक्षीदार बोलावला पाहिजे. 1911 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेर, कत्तलखान्यापाशी, एक उपाशी माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीचा तो शेवटचा. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी आणि त्यानंतरच्या उपासमारीने संपवले होते. त्याला इशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला आणि 1916 मध्ये क्षयाने गेला. तिथल्या डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकून घेतले. त्या शिकवणीतून अमेरिकेतली आजची धनुष्यशिकार पुष्कळशी उभी राहिली. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या, 1961 मध्ये निघालेल्या क्लबाला पोप आणि त्यांचे साथीदार आर्ट यंग यांचेच नाव आहे.

इशीचे बाण लाकडाचे. अग्रे ज्वालाकाचेची, आणि फुटक्या बाटलीची काच मिळाली तर तिचीही तो करी. मायक्रोमीटर नव्हता, काडी गरम करून, डोळ्यासमोर धरून तो सरळ करायचा. पोप यांनी लिहून ठेवले आहे की दूरच्या निशाणावर नेम मारण्यात इशी काही विलक्षण नव्हता. त्याची करामत जवळ जाण्यात होती. शिकारीच्या आधी तो तंबाखू आणि मासे वर्ज्य करी, आंघोळ करी, म्हणजे अंगाला वास राहू नये. वाऱ्याचा अंदाज घेई. तोंडाने सशाची किंकाळी काढून जनावराला आपल्याकडे बोलावी. आणि अगदी जवळ आले की बाण सोडी.

या पद्धतीत एक भयंकर उणीव आहे, ती कुणी बोलत नाही. यात विकण्यासारखे काहीच नाही. तंबाखू न ओढण्याचे डझनाचे पाकीट निघत नाही. वाऱ्याकडे तोंड करून तीन तास न हलता बसायला लागणारी चिकाटी सवलतीच्या दरात मिळत नाही. इशीसारखे लोक वाढले असते तर एक आख्खा उद्योग बसला असता. अर्जुनाला खांडववनाच्या वेळी अक्षय भाते मिळाले होते. तशी वस्तू उद्या खरोखर बाजारात आली तर कारखानदार ती पहिल्या दिवशी विकत घेऊन पुरून टाकतील.

शिवाय हरणालाही काही बाजू आहे. चांगले कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले, धनुष्य बाणाला सेकंदाला दोनशे ऐंशी फुटांच्या आसपास वेग देते. आवाज धावतो अकराशेच्या वर. हरीण तीस यार्डांवर, म्हणजे नव्वद फुटांवर असले तर दोरीचा टणत्कार त्याला सेकंदाच्या आठ शतांशांत ऐकू येतो आणि बाण पोचायला बत्तीस शतांश लागतात. मधला पाव सेकंद हरणाचा. पळण्याआधी ते झटकन पाय दुमडून खाली बसते, आणि पाठीवरून बाण निघून जातो. तो एक हजारांशाचा असो की सहाचा, जातो तो वरूनच. महाग बाण मात्र जास्त सरळ जातो.

आता किमतीच्या मूळ मुद्द्यावर येऊ. महाग काडी पंचवीस-तीस डॉलरची. तिच्यापुढे धारदार पोलादी पाते, तीन पात्यांचा संच शंभर डॉलरच्या आसपास. मागे दोरीत अडकणारा, अंधारात लुकलुकणारा नॉक, त्याचे दहाएक. एक बाण सत्तर डॉलरच्या घरात गेला. असा बाण दोरीवर चढवून माणूस वीस फूट उंच मचाणावर बसतो. पन्नास यार्डांवर, झुडपांच्या आड, संधिप्रकाशात हरीण उभे राहते. स्वस्त बाणवाल्याला तिथे हरीण दिसते. महाग बाणवाल्याला सत्तर डॉलर पाचोळ्यात शिरताना दिसतात. तो धनुष्य खाली घेतो. असा वेडावाकडा बाण लागलेले हरीण दिवसभर रानात भटकून कुठेतरी मरते आणि कुणाच्याच हाती लागत नाही. जुने शिकारी नवख्याला हेच कानीकपाळी ओरडून सांगत आले. त्यांच्या ओरडण्याने जे झाले नाही ते किमतीच्या चिठ्ठीने केले. भूतदयेचे इतके परिणामकारक यंत्र निघाले असूनही त्यावर कुणी गौरवग्रंथ काढलेला नाही.

वनखात्यांच्या दृष्टीनेही पाहा. 1937 च्या एका कायद्याने अमेरिकेत बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या रक्षणाकडे वळवला गेला. पुढे सत्तरच्या दशकात धनुष्यबाणही त्यात आले. बाणांच्या सुट्या भागांवर आधी टक्केवारीने कर होता. 2004 च्या दुरुस्तीने त्याऐवजी दर काडीमागे ठरावीक कर आला, सुरुवातीला 39 सेंट, आणि तो महागाईच्या निर्देशांकाबरोबर वाढतो. म्हणजे पाच डॉलरच्या काडीवर जेवढा, तेवढाच तीस डॉलरच्या काडीवर. अमेरिकेच्या सरकारने सगळे बाण सारखेच आहेत असे कायद्यात लिहून ठेवले, तरी ग्राहकाचा विश्वास डळमळला नाही. यावरून त्याच्या श्रद्धेची खोली कळावी.

तयारीत रमणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात ओत्झी नावाने ओळखला जाणारा, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्या भात्यात चौदा बाण होते. त्यांतले पुरे झालेले दोन. बाराचे काम चालूच होते. धनुष्यही अर्धवट तासलेले. दहा वर्षांनी क्ष-किरणांत दिसले की त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र रुतलेले आहे. सोडणारा कोण ते कळलेले नाही, पण त्याचा बाण तयार होता एवढे नक्की.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा पेच पडण्याचे कारण नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार आपल्याकडे गुन्हा आहे, मग बाण कितीही सरळ असो. मिशिगन-पेनसिल्व्हेनियाकडे स्थायिक झालेल्या आणि गोऱ्या सहकाऱ्यांच्या नादाने मचाणावर चढलेल्या मराठी मंडळींसाठी मात्र निकाल स्पष्ट आहे. महागच घ्या. घेताना पाती जास्त वजनाची घ्या, म्हणजे टोक जड होऊन स्पाइन कमी पडेल आणि सगळे जुळवाजुळवीचे काम पहिल्यापासून करावे लागेल. नॉक फिरवून बघा, कागदातून बाण मारून भोक तपासा, पिसे बदला. घाई करू नका. बऱ्याच राज्यांत हंगाम जानेवारीच्या आत संपतो.