सोडवून कुणाच्या हवाली?

दिल्लीत वेश्याव्यवसायाचा विषय निघाला की बोट जी. बी. रोडकडे वळतं. मला नजफगढबद्दल बोलायचंय. तिथल्या प्रेमनगर, धर्मपुरा वस्त्यांतल्या पेरणा समाजात अनेक घरी मुलीचं लग्न लवकर लागतं, पहिलं मूल होतं आणि मग नवरा किंवा सासूच तिला रात्री धंद्याला धाडते. पहाटे परत आली की चूल तिचीच, मुलांचं आवरणंही तिचंच. इथला दलाल तिच्याच हातचं जेवतो.

हा विमुक्त समाज. इंग्रजांनी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 साली कायद्याने पुसला, पण पोटापाण्याचं साधन काही कुणी दिलं नाही. बायकांच्या कमाईवर संसार उभे राहिले. म्हणून ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या बाईला अख्ख्या घराशी भांडावं लागतं. मूल सासरी, हातात पैसा नाही, आणि माहेरी भावजयही त्याच वाटेवर.

आपला 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा या नात्यांकडे कसा पाहतो? कलम 4 म्हणतं, जो प्रौढ अशा बाईबरोबर राहतो तो तिच्या कमाईवर जगतो असं धरून चाला. तसं नसल्याचं सिद्ध त्याने करायचं. तिला यातून बाहेर काढू पाहणारा भला जोडीदारही संशयित! आणि कलम 17 नुसार सोडवलेल्या बाईचा ताबा देण्याआधी दंडाधिकारी चौकशी कुणाची करतात? आईबापांची, पालकाची, नवऱ्याची. तिला स्वतःला कुठे राहायचंय, हे मागेच पडतं.

2020 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे तीन तरुणी आल्या. त्यांच्या समाजातही मुलींना धंद्याला लावायची प्रथा आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी आयांकडे ताबा नाकारला होता आणि मुलींना वर्षभर सुधारगृहात ठेवायला सांगितलं होतं. घराबद्दलची शंका रास्तच होती, पण शिक्षा भोगायची मुलींनी. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: त्या सज्ञान आहेत, कुठे राहायचं ते त्या ठरवतील. मला हा निकाल पूर्ण पटतो. पण कोठडीचं दार उघडल्यावर पुढचं दार कुठलं, ते निकालपत्र सांगू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी बजावलं, आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणाने मूल तिच्यापासून तोडू नका. पुनर्वसन इथून सुरू व्हायला हवं. मुलासाठीच बाई सासरी टिकते आणि मुलासाठीच एक दिवस बाहेर पडायचं ठरवते.

शिलाई मशीन सावकाश द्या. आधी तिच्या नावावर भाड्याची खोली द्या, मुलासह राहता येईल असं वसतिगृह द्या, सासरच्यांना अडवणारा पोलीस द्या. दिल्ली सरकारच्या महिला व बालविकास खात्याने एवढं तरी नजफगढपासून सुरू करावं.