न झालेल्या आजाराबद्दल जाहीर आभार

प्रति,
मा. संगणक ऑपरेटर महोदय,
डिस्चार्जची खिडकी, तळमजला,
शहरातलं एक नावाजलेलं खासगी रुग्णालय

विषय : माझ्या आईला आपण बहाल केलेला आजार

महोदय,



माझ्या आईच्या डिस्चार्ज कार्डावर आपण 'मल्टिपल स्क्लेरोसिस' असं निदान छापलंत, त्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते. आई शाळकरी वयाची असताना तिला सांधे सुजवणारा ताप आला आणि त्यात हृदयाची एक झडप जखडली. तेव्हापासून किती डॉक्टर झाले! छातीला नळ्या लावून झाल्या, इको झाले, वर्षानुवर्षं दर 21 दिवसांनी पेनिसिलीनची सुई झाली, नव्वदच्या दशकात मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करून झाली. यातल्या एकाही महाभागाला तिच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत बिघाड असल्याचं कळलं नाही. आपल्याला कळलं. तेही तिचं तोंड न बघता, ती तिसऱ्या मजल्यावर आणि आपण तळमजल्यावर असताना.

वरच्या डॉक्टरांनी केसपेपरवर एवढंच लिहिलं होतं : 'के/सी/ओ एमएस विथ एएफ'. म्हणजे मायट्रल स्टेनोसिसची जुनी पेशंट, शिवाय ठोके अनियमित. हृदयाच्या वॉर्डात, हृदयाच्या डॉक्टरांनी, हृदयाच्या पेशंटच्या कागदावर लिहिलेला हा एमएस. कागद जिना उतरून आपल्या खिडकीशी आला आणि हृदयातला आजार मेंदूत चढला.

आईनं कार्ड वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाली, "एक पुरत नव्हता का मला?"

आम्ही हसण्यावारी नेलं. विमा कंपनीनं नेलं नाही. तिचं पत्र आलं : पॉलिसी घेताना मज्जासंस्थेचा जुना आजार दडवल्यामुळे दावा नामंजूर. झडपेचं आम्ही फॉर्मवर लिहिलं होतं, फुगा टाकल्याचं लिहिलं होतं. जो आजार पुढेमागे आपण देणार होतात, तेवढा लिहायचा राहिला.

मग मी आपल्या खिडकीशी आलो. "काका, सिस्टीममध्ये असंच येतं," आपण म्हणालात. येतं म्हणजे कसं येतं, असं विचारल्यावर आपण स्क्रीन माझ्याकडे वळवलात, हे मात्र मान्य केलं पाहिजे. निदानाच्या रकान्यात आपण 'एम' दाबलं, 'एस' दाबलं, आणि खाली एकच ओळ उघडली : मल्टिपल स्क्लेरोसिस. दुसरा पर्यायच नाही. रकान्यापुढे लाल चांदणी. तो भरल्याशिवाय पुढचं पान नाही, पुढच्या पानाशिवाय बिल नाही आणि बिलाशिवाय पेशंटला घरी जाणं नाही.

"मायट्रल टाकून बघा," मी म्हटलं. आपण टाकलंत. 'मायट्रल व्हॉल्व्ह डिसीज' आलं, नुसतं 'मायट्रल' आलं, 'मायट्रल स्टेनोसिस (जुने)' आलं, स्पेलिंग बिघडलेलं 'मिट्राल' आलं. एका झडपेची चार नावं चार ओळींत, ज्या डॉक्टरला ज्या साली जे सुचलं ते. उद्या कुणी विचारलं की वर्षभरात या रुग्णालयात झडपेचे किती पेशंट आले, तर ही यादी चार उत्तरं देईल आणि पाचवं उत्तर मेंदूच्या विभागात जाऊन बसलेलं असेल.

चूक काढून टाका म्हटलं, तर एकदा सबमिट झालेलं काढता येत नाही. मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला आणा. कशाचा? आईला हा आजार नसल्याचा! आजार असल्याचा पुरावा मागतात हे आजवर माहीत होतं. नसलेल्या आजाराचं नसणं सिद्ध करायला, दोन पायऱ्या चढली की धाप लागणाऱ्या बाईला घेऊन आम्ही आणखी एका दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. डॉक्टरांनी हातोडीनं गुडघे ठोकले, डोळ्यांत बॅटरी मारली, फी घेतली आणि लिहून दिलं की मल्टिपल स्क्लेरोसिसची कोणतीही लक्षणं आढळत नाहीत. तो कागद आपण नीट वाचलात. दुरुस्ती केलीत. नवं कार्ड छापून आलं : 'एच/ओ मल्टिपल स्क्लेरोसिस'. म्हणजे हा आजार पूर्वी होता. न झालेला आजार आपण बराही करून दाखवलात, महोदय!

बाकीचं सोडून देतो. आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं आहे, सोडलं. साखरेपुढे नुसतं 180 आहे, एकक नाही. मावसभाऊ लंडनला असतो, तिकडे तीच साखर 10 अशी मोजतात, त्यामुळे फोटो पाहून त्याची झोप उडाली. तेही सोडलं. पत्त्याचं सांगतो, कारण त्यात मौज आहे. 2023 साली जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. आपल्या यादीतून जुनं औरंगाबाद काढलं गेलं, नवं नाव घालायचं राहिलं, आणि जे औरंगाबाद शिल्लक उरलं ते बिहारमधलं. देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, पायथ्याशी जन्म काढलेली माझी आई सध्या बिहारची रहिवासी आहे. तिची काही हरकत नाही.

आम्हा दौलताबादकरांना तुघलकावरून टोमणे मारायची लोकांना भारी हौस. 1327 च्या सुमारास राजधानी हलवताना त्यानं दिल्लीची माणसं इथे आणली, त्यांचे हाल केले, खरं आहे. पण बेत फसलेला दिसल्यावर त्यानं त्यांना माघारी जाऊ दिलं. आपल्या सॉफ्टवेअरला माघारीचं बटणच नाही.

त्याच्याही आधी याच देवगिरीच्या यादवांकडे हेमाद्री पंडित मंत्री होता, ज्याला आपण देवळांच्या बांधणीवरून हेमाडपंत म्हणून ओळखतो. राज्याचा कारभार सांभाळून या गृहस्थानं वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. टीका लिहायची म्हणजे या जागी या शब्दानं नेमकं काय समजायचं, ते पानोपानी सांगत जायचं. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मंत्र्याला या कामासाठी सवड होती. आपल्या रुग्णालयात एमएसचे दोन अर्थ दोन ओळींत लिहायला कुणाला सवड झालेली नाही.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये विल्यम फार यांनी 1839 साली मृत्यूंच्या नोंदी चाळताना हेच रडगाणं गायलं होतं : एका आजाराला तीन-तीन, चार-चार नावं, आणि त्यातलं प्रत्येक नाव पुन्हा वेगवेगळ्या आजारांना लावलेलं. 1893 साली झाक बर्तियों या फ्रेंच माणसानं मृत्यूच्या कारणांची एक सामाईक यादी मांडली. ती वाढत वाढत आजची आयसीडी झाली आणि 1948 पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. तिच्या दहाव्या आवृत्तीत मायट्रल स्टेनोसिसचा क्रमांक आय 05.0 आहे आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचा जी 35. प्रकरणंसुद्धा वेगळी, एक रक्ताभिसरणाचं, दुसरं मज्जासंस्थेचं. क्रमांक लिहिला असता तर गोंधळ करायचा म्हटलं तरी जमला नसता.

आणि आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. रुग्णालयांच्या रोजच्या नोंदींसाठी स्नोमेड सीटी नावाचा याहूनही बारीक कोश आहे, साडेतीन लाखांच्या आसपास संकल्पनांचा. त्यात प्रत्येक आजाराला एक कायमचा क्रमांक असतो आणि त्या आजाराची जितकी नावं चालतात तितकी त्या एका क्रमांकाखाली नांदतात. डॉक्टरनं काहीही म्हणावं, नोंद एकाच जागी जाते. आखूड अक्षरं टाकली तर त्यापुढे पूर्ण नाव लावलेले सगळे पर्याय समोर येतात आणि निवडणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो. भारत 2014 साली हा कोश सांभाळणाऱ्या संस्थेचा सदस्य झाला. 2016 च्या केंद्र सरकारच्या आरोग्य नोंदींच्या मानकांत हा कोश नावानिशी आहे, तपासण्यांसाठी लॉइंक आहे, वर्गवारीसाठी आयसीडी आहे. कोश मिळतो कुठे? अमेरिकेत जायला नको. पुण्यात, सी-डॅकमध्ये, त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. किंमत? भारतात वापरायला फुकट.

फुकट! आपल्या रुग्णालयाच्या दर्शनी भागात इटालियन संगमरवर आहे, काचेच्या पेटीत मासे आहेत, लिफ्टमध्ये बासरी वाजते. आजारांची यादी तेवढी कुणीतरी फावल्या वेळात हातानं टाइप केलेली आहे. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याला यादीत नुसतं 'तू. 1 किलो' दिसलं तर तो तूर की तूप हे फोन करून विचारतो. इथे माणसाचं काळीज आहे आणि विचारायची पद्धत नाही.

महोदय, हा फक्त पैशांचा प्रश्न असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. झडप अरुंद असून ठोके अनियमित असले की रक्त पातळ ठेवायला जुनीच गोळी द्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती गोठतंय त्याची तपासणी, बघत बघत तिचं प्रमाण ठरवावं लागतं. पेशंटला बरी पडणारी नवी गोळी अशा झडपेवर देत नाहीत. आता समजा, आईला रात्री दोन वाजता दुसऱ्या गावात धाप लागली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं कार्ड वाचलं : पूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस, सध्या अनियमित ठोके. झडपेचा उल्लेख नाही. त्यानं पुस्तकाप्रमाणे नवी गोळी लिहिली. त्याचं काहीही चुकलेलं नसेल. आणि माझ्या आईच्या मेंदूकडे गुठळी निघालेली असेल. मग कार्डावर मेंदूचा जो आजार छापलाय, तो एकदाचा खरा होईल, एवढंच काय ते तुमचं समाधान.

तसं काही झालं तर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलं जाईल, हे मी धरून चालतो. नुसतं हृदय बंद पडलं असं मरणाचं स्वरूप लिहू नका, मूळ आजार लिहा, असं त्यासाठीच्या चार नंबरच्या फॉर्मवर छापलेलं असतं. तरी तेच लिहितात. शिवाय ही चूक आता एका रुग्णालयापुरतीही राहणार नाही : आरोग्याच्या नोंदींसाठी सप्टेंबर 2021 पासून देशभर आभा क्रमांक आलाय, 14 आकडी. आपले कागद आता कुठल्याही गावातल्या डॉक्टरला उघडता यावेत अशी योजना आहे, आणि योजना चांगलीच आहे. आईचा न झालेला आजार यापुढे प्रत्येक गावी आमच्या आधी पोचेल.

इथवर लिहून मी थांबलो होतो. पण त्या दिवशी तू स्क्रीन वळवलास तेव्हा तिच्या कडेला चिकटवलेला एक कागद मला दिसला होता, तो राहून राहून आठवतो. वहीचं फाडलेलं पान. तुझ्याच अक्षरात : डीएम – शुगर. एचटीएन – बीपी. सीव्हीए – लकवा. एमआय – अटॅक. आणि खाली : एमएस – ?

प्रश्नचिन्ह. म्हणजे तुला शंका आली होती. कुणाला विचारलंस, असं मी म्हटल्यावर तू जिन्याकडे मान केलीस आणि म्हणालास, "काका, वर फोन लावला तर म्हणतात, जे येतंय ते टाक." तू एजन्सीचा कंत्राटी मुलगा, शिक्षण बी.कॉम., ड्यूटी बारा तासांची, समोर 'डिस्चार्ज कधी' म्हणून खिडकी बडवणारी माझ्यासारखी माणसं. तुला आजारांची नावं कुणी शिकवली नाहीत, तरी तू तुझ्यापुरता एक कोश करायला बसला होतास. हेमाद्री पंडितानंतर या मुलखात ते काम मनापासून करताना मला दिसलेला तू पहिलाच. तुझ्यावर ओरडलो ते चुकीच्या मजल्यावर ओरडलो, पण वरच्या मजल्यावर मला कुणी सोडलं नाही, हाही भाग आहेच.

तेव्हा बाळा, हे पत्र वर नेऊन दे. डॉक्टरसाहेबांना सांग, आजाराचं पूर्ण नाव लिहायला चार सेकंद जास्त लागतात, तेवढे लावा. मालकांना सांग, पुण्याहून कोश आणवा, पैसे पडत नाहीत. सॉफ्टवेअरवाल्याला सांग, चूक मागे घ्यायचं बटण दे, आणि कुणी कधी का दुरुस्त केलं ते त्याखाली उमटू दे. आणि तुला शंका आली की जो उचलला जाईल असा एक फोन नंबर त्या खिडकीत लावून घे. तो मिळेपर्यंत ते पान काढू नकोस.

विमा कंपनीकडे आम्ही दावा पुन्हा दाखल केला, मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला आणि आपलं नवं कार्ड जोडून. परवा त्यांचं उत्तर आलं. आजार नेमका कोणत्या तारखेला बरा झाला आणि त्यावर कुठे उपचार घेतले, ते कागदपत्रांसह कळवा, असं त्यांनी विचारलंय.

आपला,
एका हृदयरुग्णाचा मुलगा
दौलताबाद