जडधातूंच्या गाळात संसार कसा करावा : नवजात जिवाणूंसाठी पुस्तिका

अभिनंदन! आत्ताच एकाचे दोन झाले, त्यातला एक तू. दुसरा मी. वयात तसा फरक नाही, पण पुस्तिका माझ्या हातात आहे, म्हणून मला थोरला समज.

आपलं गाव म्हणजे जस्ताच्या कारखान्याची गाळटाकी. मूळपुरुष माणसांना सापडला तो १९७६ साली बेल्जियममधल्या अशाच एका टाकीत. तेव्हापासून त्यांनी घराण्याची नावं काय कमी बदलली? अल्कालिजिनस, राल्स्टोनिया, वॉटर्सिया, आणि सध्या कुप्रिआविडस मेटॅलिड्युरन्स. लग्न न करता एवढ्या वेळा नाव बदललेलं दुसरं घराणं दाखव!

धडा १ : भिंतीवर चिकटवा. आपल्या बाहेरच्या आवरणावर फॉस्फेटसारखे ऋणभाराचे गट आहेत, धातूचे आयन धनभाराचे. ते आपसूक येऊन चिकटतात, तुला बोटही हलवावं लागत नाही. (बोट नाहीच, ते सोड.) हे काम मेलेला जिवाणूही तितक्याच निष्ठेने करतो. मात्र पाणी आंबट झालं की हायड्रोजनचे आयन गर्दी करून धातूंना जागेवरून उठवतात.

धडा २ : दारात सोंगं ओळखा. कॅडमियम जस्ताच्या किंवा मँगनीजच्या दारातून आत घुसतं. आर्सेनेट फॉस्फेटचं सोंग घेतं, क्रोमेट सल्फेटचं. दारावरच्या प्रथिनाला फरक कळत नाही. दार कायमचं लावून घ्यावं, तर उपाशी मरशील.

धडा ३ : उपसा. घुसलेल्याला बाहेर काढायला पंप आहे. कोबाल्ट, जस्त आणि कॅडमियम या तिघांवरून माणसांनी त्याचं नाव 'सीझेडसी' ठेवलं. तो धातूला दोन्ही पटलांपार नेऊन टाकतो. पंप चालतो तो प्रोटॉन आत घेऊन. त्यामुळे बाहेर लगतचं पाणी अल्कधर्मी होतं आणि फेकलेला धातू कार्बोनेट होऊन तुझ्याच अंगावर खडे धरतो. कचरा कुंपणाबाहेर टाकावा आणि वाऱ्याने तो परत ओट्यावर यावा, तशी गत. लाजू नकोस. माणसं यालाच शुद्धीकरण म्हणतात.

धडा ४ : पाऱ्याची बोळवण. पारा गंधकाला धरतो आणि प्रथिनं बिघडवतो, म्हणून त्याला मोकळा हिंडू देऊ नये. खास प्रथिनं त्याला हाताला धरून आत आणतात. मग रिडक्टेज नावाचं विकर त्याला दोन इलेक्ट्रॉन देऊन धातुरूप करतं आणि तो वाफ होऊन निघून जातो. कुठे? हवेत. शेजाऱ्यांची चौकशी या पुस्तिकेत बसत नाही.

धडा ५ : विद्या झाकून ठेवू नये. वरच्या बऱ्याच युक्त्या मुख्य गुणसूत्रांवर नाहीत, दोन मोठ्या प्लाझ्मिडांवर आहेत. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. शेजाऱ्याला त्याची नक्कल देता येते. आपल्यात क्लास लावण्याची पद्धत नाही.

नवशिक्यांची नेहमीची चूक : 'मी विष खाल्लं' अशी फुशारकी मारणं. तेलावर जगणारे आपले भाऊबंद तेलाचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात, त्यांनी खुशाल मिशीवर ताव द्यावा. कॅडमियम हे मूलद्रव्य, ते मोडत नाही. आपण त्याला धरतो, गोठवतो, नाहीतर हाकलतो. आपण मेलो, वरून आम्ल आलं, की ते पुन्हा मोकळं. माणसांना खरंच सफाई हवी असेल, तर आपल्यासकट गाळ उपसून नीट बंदिस्त जागी ठेवावा लागेल. पण तेवढं वाचेपर्यंत त्यांचा अहवाल छापून झालेला असतो.

तुझ्या मध्यावर चिमटा बसू लागलाय. म्हणजे तुझेही दोन होणार. पुस्तिका दोघांपैकी कोणीही ठेवा, त्यावरून भांडू नका. भिंतीवरच्या कॅडमियमची वाटणी मात्र आपोआप होईल. तो वारसा नाकारण्याची सोय आपल्यात नाही.