किकेरो की चिचेरो?

ऐकलंत का? अमेरिकेत म्हणे सहा-सात वर्षांची पोरं दात घासता घासता लॅटिन नामं चालवतात! ‘आ, आय, आय, आम, आ!’ लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, ऐन वैशाखात कुणीतरी आंब्यासाठी आईच्या पदराला लोंबकळलंय. पण छे! ती प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया आणि पंचमी असते, त्याच क्रमाने. बुटाची नाडी अजून आई बांधते, मोजे उलटे असतात, नाक वाहत असतं. पण पंचमीचा ‘आ’ दीर्घ म्हणायचा हे बजावून सांगतील. ज्या देशाने ‘पोराला त्याच्या कलाने शिकू द्या’ हा मंत्र जगभर वाटला, जॉन ड्यूईला शिक्षणाच्या देव्हाऱ्यात बसवलं, त्या देशात हे? आता बोला!

या थेराला क्लासिकल ख्रिश्चन एज्युकेशन म्हणतात. मध्ययुगात युरोपातल्या विद्यार्थ्याला व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशी तीन शास्त्रं आधी शिकावी लागत. तिन्हींना मिळून म्हणायचं ट्रिव्हियम. ते आता चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, घरच्या जेवणाच्या टेबलावर आणि चौकड्याचे स्कर्ट घातलेल्या शाळांमध्ये पुन्हा अवतरलं आहे. प्राथमिक शाळेच्या वाट्याला येतं व्याकरण, म्हणजे ‘आधी पाठ कर, अर्थ मागाहून बघू’. तारखा पाठ, नद्या पाठ, पंधराच्या वर्गापर्यंतचे वर्ग पाठ, बायबलची वचनं पाठ. घर प्रेस्बिटेरियन वळणाचं असेल तर वेस्टमिन्स्टरची छोटी प्रश्नोत्तरी, एकूण १०७ प्रश्न, उत्तरांसकट पाठ.

आता सांगा, याला आपण काय म्हणतो? घोकंपट्टी! पोपटपंची! गेली शंभर वर्षं आपले शिक्षणतज्ज्ञ या दोन शब्दांवर भाषणं ठोकत आलेत. पावकी-निमकी गेली, तीसपर्यंतचे पाढे गेले, ‘रामः रामौ रामाः’ म्हणणाऱ्या मुलाकडे लोक कीव केल्यासारखं बघू लागले. आणि तीच घोकंपट्टी तिकडे डॉलर मोजून, रंगीत कार्डांवर छापून, सीडीवर गाऊन विकली जातेय? म्हणजे आपण जो माल रद्दीत घातला तो यांनी काचेच्या कपाटात मांडला. संताप येतो की नाही? येतोच. आणि संताप आला की माणूस आणखी माहिती काढतो.

तर माहिती अशी, की या सगळ्याच्या मुळाशी आहे एक रहस्यकथाकार बाई. डोरोथी सेयर्स. लॉर्ड पीटर विम्झी हा खानदानी गुप्तहेर जिने जन्माला घातला, तीच. पुढे दान्तेचं भाषांतर करायला बसली, पण त्याआधी नऊ-दहा वर्षं लंडनमधल्या जाहिरात कंपनीत होती. गिनेस बिअरच्या जाहिरातीतला टूकन पक्षी आणि त्याखालच्या ओळी, कोलमनच्या मोहरीसाठी काढलेला ‘मस्टर्ड क्लब’, यांत तिचा हात. मोहरी विकता विकता शिक्षणाला फोडणी देणारी बाई दुसरी कुठे सापडायची! १९४७ साली तिने ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला, ‘द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग’. त्यात मुलांच्या वाढीच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पोपटाची, जेव्हा पाठांतर गोड लागतं. दुसरी आगाऊपणाची, जेव्हा पोरगं थोरांची चूक पकडून खूश होतं. तिसरी कवीची, जेव्हा आपल्याला कुणी समजून घेत नाही असं वाटतं. पोपटाला व्याकरण, आगाऊला तर्क, कवीला वक्तृत्व. झालं! आता यावर शास्त्रीय पुरावा काय? बाईंनी मोकळेपणाने सांगून टाकलं, की आतून ओळखीचं असं मूल मला एकच ठाऊक आहे, मी स्वतः. आणि ही योजना कुणी अमलात आणेल याची आशा जवळजवळ नाही, हेही त्याच निबंधात. मध्ययुगातली शास्त्रं म्हणजे वयाच्या पायऱ्या नव्हेत, ते अभ्यासाचे विषय होते, ही कुरकुर इतिहासाचे जाणकार अजून करतात. ऐकतो कोण? तिचा स्वतःचा मुलगा तर नात्यातल्या बहिणीच्या घरी वाढला. तरीही आज तिच्या तीन पायऱ्यांवर लाखो पोरं चढताहेत.

आणि खरी गंमत पुढेच. १९५२ साली याच बाई लॅटिन शिक्षकांच्या मेळाव्यात बोलायला उभ्या राहिल्या. विषय, माझ्या लॅटिन शिक्षणातला सर्वांत मोठा दोष! पाद्री वडिलांनी सात वर्षं पुरी व्हायच्या आत लॅटिन सुरू करून दिलं, वर्षानुवर्षं घोटलं, आणि शेवटी धड वाचता येईना, अशी कबुलीच होती ती. हे भाषण भक्तमंडळींत कुणी पाठ करून घेतं का हो? १९४७चा निबंध मात्र पवित्र ग्रंथासारखा वाचला जातो. जाहिरातवाली बाई, कोणता मजकूर खपेल ते तिला बरोबर कळत होतं!

खपवणारे पुढे भेटले. कुठे? मॉस्कोत. दचकू नका, आयडाहोतलं मॉस्को. तिथे डग्लस विल्सन नावाचा एक पाद्री. आधी नौदलात पाणबुडीवर होता. पोरगी शाळेच्या वयाची झाली, गावातली एकही शाळा पसंत पडेना. आपण काय करतो? डोनेशनची चौकशी करतो, ओळख काढतो, फार तर नवऱ्यामागे बदलीसाठी भुणभुण लावतो. या गड्याने शाळाच काढली! १९८१ साली, ‘लोगोस’ नावाची. १९९१मध्ये सेयर्सबाईंच्या निबंधाच्या नावावर नाव बेतून पुस्तक लिहिलं, मग शाळांची संघटना निघाली, आणि आज त्या संघटनेत पाचशेच्या वर शाळा आहेत. पाद्रीबाबांनी अमेरिकन गुलामगिरीची बाजू सावरणारी एक पुस्तिकाही दुसऱ्या एका पाद्र्याबरोबर लिहिली होती, त्यावरून पुढे गावात रणकंदन झालं. क्लासिकलवाल्यांपैकी निम्मे त्यांचं नाव काढलं की विषय बदलतात. पुस्तक मात्र कपाटात असतं.

पण शाळा परवडत नाही, किंवा गावात नाही, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी नॉर्थ कॅरोलायनात ली बॉर्टिन्स या बाईंनी १९९७ साली ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ काढलं. आठवड्यातून एक दिवस चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, बाकीचे दिवस घरी आई शिकवणार. आणि त्या एका दिवशीही आईने सोडून पळायचं नाही, पोराशेजारी बसायचं! वर्षाला २४ आठवडे, सात विषय, प्रत्येक आठवड्याला प्रत्येक विषयाचा एकेक घास. त्यातच जगाच्या इतिहासाचं गाणं, १६१ घटनांचं. सृष्टीच्या निर्मितीपासून सुरू होतं, महापूर आणि बाबेलचा मनोरा ओलांडून सिंधू संस्कृतीला हात लावतं आणि थेट ११ सप्टेंबर २००१पर्यंत येऊन पोचतं. हातवाऱ्यांसकट! म्हणायला दहा मिनिटांच्या वर लागतात. सहा वर्षांचं पोर म्हणतं, चार वर्षांचं त्याच्या मागे उड्या मारत म्हणतं, आणि पाळण्यातलं नुसतेच हात हलवतं. वर्षअखेरीस ज्याला सगळं न चुकता येतं तो ‘मेमरी मास्टर’. त्यासाठी एका परीक्षकासमोर म्हणून भागत नाही, एकामागून एक दिव्यं असतात. एखादी तारीख चुकली की पोरगं नाही, आई रडते.

कारण खरं सांगू? यात शिकतंय कोण, हे बारकाईने बघा. पोराला काय, त्याला बडबडगीत काय आणि विभक्ती काय, सगळं सारखंच. बाटतात त्या आया! काल-परवापर्यंत जिला विशेषण आणि क्रियाविशेषण यांतला फरक विचारला असता तर दार लावून घेतलं असतं, ती आता रात्री अकरा वाजता लॅटिन व्याकरणात तोंड खुपसून बसलेली. स्वयंपाकघरात ओट्यावर प्रत्ययांचे तक्ते. गाडीत गाणी बंद, संथा सुरू. सुझन वाइज बाउअर आणि तिची आई जेसी वाइज यांनी १९९९मध्ये ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला, घरच्या घरी पोराला असं कसं शिकवायचं याचा. त्यात इतिहासाचं चार वर्षांचं चक्र, बारा वर्षांत तीनदा फिरवायचं. पहिलीतल्या मुलाच्या आईने फारोपासून सुरुवात केली की तिला स्वतःलाच फारोचा नाद लागतो. मुलगा ममी करायला कोंबडी मीठ लावून ठेवतो, आई इजिप्तचे राजवंश लावत बसते, आणि नवरा फ्रीज उघडून किंचाळतो. आपल्याला शाळेने जे दिलं नाही ते पोराच्या निमित्ताने वसूल करायची ही केवढी नामी युक्ती!

एकदा बाटली की बाईची भाषाही बदलते. ‘आज काय केलंत?’ विचारलं तर ‘सत्य, शिव आणि सुंदराचा शोध’ असं उत्तर येतं. म्हणजे पोराने गोगलगायीचं चित्र काढलेलं असतं. शाळेला शाळा म्हणायचं नाही, अकादमी. संस्कार म्हणायचं नाही, ‘पायडेया’. कुत्र्याचं नाव व्हर्जिल, मांजरीचं डायडो, आणि तिसऱ्या बाळाचं ऑगस्टीन. आणि भांडणं! अहो, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून होतात त्यांना लाजवतील अशी. लॅटिन उच्चार जुन्या रोमचा करायचा की चर्चचा? जुन्यावाले सिसेरो या रोमन वक्त्याला म्हणतात ‘किकेरो’, चर्चवाले म्हणतात ‘चिचेरो’. सीझरने म्हणे ‘वेनी, वीदी’ केलं. पुढे ‘वीकी’ की ‘वीची’ इथे मैत्र्या तुटतात. सेयर्सबाईंनी तर मध्ययुगीन लॅटिनच घ्या म्हणून सांगितलं होतं, पण कोणता भक्त देवाला विचारतो! त्यात शार्लट मेसनचा पंथ वेगळा. त्या ब्रिटिश बाईंची शिष्यमंडळी पोरांना रानात नेऊन पानं-फुलं वहीत काढायला लावतात आणि पाठांतरवाल्यांकडे दयेने बघतात. पाठांतरवाले त्यांना आळशी समजतात. आणि दोघांच्याही कपाटांत दोन्ही पंथांची पुस्तकं!

बरं, हे खूळ चर्चच्या हॉलात मावेल तर शपथ. कोविडच्या वर्षात, २०२०च्या वसंतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी ५.४ टक्के घरं मुलांना घरी शिकवत होती. त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्के, असं अमेरिकन जनगणना खात्याचं सर्वेक्षण सांगतं. सगळी काही लॅटिनकडे वळली नाहीत, पण दार उघडलं. पीट हेगसेथ या टीव्हीवरच्या गृहस्थांनी क्लासिकल शाळांच्या संघटनेच्या अध्यक्षांबरोबर २०२२मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि २०२५मध्ये ते थेट संरक्षणमंत्री झाले. २०२३मध्ये फ्लोरिडाने सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशाला एसएटीच्या बरोबरीने क्लासिक लर्निंग टेस्ट चालेल म्हणून जाहीर केलं. म्हणजे प्लेटो नि ऑगस्टीन घोटलेल्या पोराला आता प्रवेशपरीक्षाही घरचीच. राजकारण आलं की मजा थोडी कमी होते, म्हणून इथेच सोडू.

असल्या शिक्षणातून शेवटी निघतं काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण आहे की! थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज, रोममध्ये जेझुइटांकडे राहून असलंच लॅटिन रिचवलेला, १५७९ साली गोव्यात उतरला. आणि केलं काय? मराठी शिकला, ओवी शिकला, आणि १६१६मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापून मोकळा झाला. लॅटिन घोटलेला तो गडी मराठीच्या इतका प्रेमात पडला! आयडाहोतल्या मंडळींना हे कुणी कळवलंय का? कळवू नये. पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात ओवी घालतील.

आणि आपण? आपण आपले लांबून नाक मुरडतोय. आठवीत संस्कृत घेतलं ते स्कोअरिंग म्हणून, त्यात जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीवर डोळा होता, याची इथे कुणी आठवण काढू नये. रामरक्षा पोराच्या उच्चारासाठी, वैदिक गणिताचा क्लास त्याच्या एकाग्रतेसाठी, अबॅकस मेंदूसाठी. आपलं सगळं शास्त्रशुद्ध. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीत राहणारी आपली मंडळी शेजारणीच्या पोराचं ते १६१ घटनांचं गाणं ऐकून हसून लोटपोट होतात, आणि रविवारी आपल्या पोराला मराठी शाळेत सोडताना गाडीत मनाचे श्लोक घोकून घेतात. त्यातल्या काहींना आता ते गाणंही अर्धंअधिक येतं म्हणे. कुठून आलं? कानावर पडून! आपल्या कानावर सगळं पडूनच येतं.

तेव्हा हसा, पोटभर हसा. फक्त गीतेच्या पंधराव्या अध्यायाच्या पाठांतर स्पर्धेला नावं द्यायची मुदत शनिवारी संपतेय, आणि बालगटाच्या रांगेत पोराला पुढे रेटत, स्वतः मागून ओठ हलवत कोण उभं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.