दोन तलवारी पुरेत

अमेरिकेतल्या बंदूकवाल्या भाविक ख्रिस्ती गृहस्थाला कुणी विचारलंच, की येशू आणि रायफल एका घरात नांदतात कसे, तर तो लगेच बायबल उघडतो. पान ठरलेलं असतं. लूकचं शुभवर्तमान, अध्याय 22, वचन 36: तलवार नसेल त्याने अंगरखा विकून घ्यावी. झालं, परवाना मिळाला! पुढे दोनच वचनांवर शिष्य सांगतात, आपल्याकडे दोन तलवारी आहेत; येशू म्हणतो, पुरेत. अख्ख्या शिष्यमंडळात दोन. घरातल्या बंदुकांचं कपाट पाहता हा आकडा अडचणीचा, म्हणून बोट तिथवर सरकत नाही. आणि अंगरखा कुणी विकल्याचंही ऐकिवात नाही. उलट कमरेचं पिस्तूल झाकायला नवा घ्यावा लागतो.

त्याच रात्री शिष्य पेत्राने तलवार उपसून, येशूला धरायला आलेल्यांतल्या मल्ख नावाच्या नोकराचा उजवा कान छाटला. येशूने तलवार म्यान करायला लावली आणि कान बरा करून दिला. शिष्याने शस्त्र चालवल्याची शुभवर्तमानातली नोंद ही एवढीच, तीही गुरूने निस्तरलेली. तलवार म्यान करायला सांगणारं हे वचन कुठल्या बंदुकीवर कोरलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

बाकी कोरीवकाम जोरात आहे. फ्लोरिडातल्या स्पाइक्स टॅक्टिकल कंपनीने 2015 साली ‘क्रुसेडर’ रायफल काढली. तिच्यावर 144व्या स्तोत्रातलं, हातांना युद्ध शिकवणाऱ्या देवाचं वचन. सेफ्टीच्या खटक्याला लॅटिनमध्ये तीन जागा: शांती, युद्ध आणि देवाची इच्छा. आपण दसऱ्याला शस्त्रं पुजतो, त्यामुळे फार हसू नये. पण देवाची इच्छा अंगठ्याने फिरवायची सोय आपल्यालाही सुचली नव्हती.

कोलोरॅडोच्या खासदार लॉरेन बोबर्ट यांनी तर 2022 मध्ये मुळावरच बोट ठेवलं. येशूला सरकारने मारलं, कारण त्याच्याकडे पुरेशा एआर-15 रायफली नव्हत्या, अशा अर्थाचं त्या बोलल्या. खरंच असत्या तर? क्रूस टळला असता, म्हणजे गुड फ्रायडे नाही, ईस्टर नाही. बाईंना रविवारी जायला चर्चही उरलं नसतं.

भीती मात्र खोटी नाही. टेक्सासमधल्या सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये 2017 साली उपासना चालू असताना 26 बळी गेले. 2019 मध्ये त्याच राज्यातल्या व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये दोघांचा जीव घेणाऱ्या हल्लेखोराला एका सशस्त्र सभासदाने काही सेकंदांत लोळवलं. दाराशी पहारा बसवणाऱ्याला मी हसणार नाही. ‘मला मरायचं नाही’ हे कारण पुरेसं आहे, प्रामाणिकही आहे. त्यावर येशूची सही कशाला हवी?

सही लागते ती धंद्याला. जॉर्जियातल्या डॅनियल डिफेन्स कंपनीने 16 मे 2022 रोजी मांडीवर रायफल घेतलेल्या चिमुरड्याचं छायाचित्र ट्विटरवर टाकलं. सोबत मुलांना वळण लावण्याविषयीचं नीतिसूत्रांतलं वचन. आठ दिवसांनी टेक्सासमधल्या उवाल्दे गावच्या शाळेत 19 मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याच्या हातातली रायफल याच कंपनीची होती.