बोट कुठून सुटते?

अलास्काला जायचं हे आमच्या घरात पाच मिनिटांत ठरलं. बोट कुठून पकडायची हे ठरायला गणपतीपासून संक्रांत उजाडली. मुलगा-सून फ्रीमाँटला, आम्ही दोघं ठाण्याला, आणि मध्ये शनिवार सकाळचा व्हिडिओ कॉल. एवढ्या काळात अलास्का हा विषय फारसा निघालाच नाही. हिमनद्या, देवमासे, अस्वलं बिचारी तिकडे उत्तरेला ताटकळत राहिली आणि आम्ही बंदरावरच्या पार्किंगचे दर बोलत राहिलो.

मुलाने पर्याय मांडले होते. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालात तर दहा रात्री. बंदर घरापासून तासाभरावर, तो स्वतः सोडायला येणार. सिएटलहून सात रात्री, पण आधी दोन तासांचं विमान. व्हँकुव्हरहूनही सातच, पण तो पडला कॅनडा. त्यात पुन्हा पोटभेद. एक बोट फिरवून परत व्हँकुव्हरला आणते, दुसरी वर नेते आणि तिथेच उतरवते. ‘‘उतरवते म्हणजे? मग परत यायचं कसं?’’ ह्यांनी विचारलं. स्वर असा की पोहतच यायचं असावं.

ह्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे आलेल्या प्रत्येक रकमेला रात्रींनी भागून झालं आणि सॅन फ्रान्सिस्को एकदम वर आलं. दहा रात्री, विमानभाडं नाही, आणि मुलगा डिकीत बॅगा टाकून नेणार. व्यवहार चोख होता.

मला मात्र हा रात्रींचा हिशेबच संशयास्पद वाटतो. बोटवाले रात्री मोजतात, कारण रात्री तेवढ्या पूर्ण भरतात. दिवस मोजायला बसलं की पितळ उघडं पडतं. पहिल्या दिवशी दुपारी चढायचं, संकटात कुठे जमायचं त्याची कवायत करायची, खोली शोधायची, की चार-पाचच्या सुमारास बोट सुटते. शेवटच्या दिवशी सकाळी आठपासून उतरवायला सुरुवात, कारण दुपारी त्याच पलंगावर पुढचं कुटुंब येणार असतं. बॅगा तर आदल्या रात्रीच रंगीत चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या. आमच्या एका व्याह्यांनी ही सूचना इतक्या निष्ठेने पाळली की सकाळी घालायला विजारच उरली नाही. वर कोट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, अशा वेशात ते कस्टम्सच्या रांगेत उभे राहिले. ‘‘जाहीर करण्यासारखं काही?’’ अधिकाऱ्याने विचारलं. व्याही म्हणाले, ‘‘दिसतंच आहे.’’

तर सात रात्रींचे धड दिवस सहा, आणि दहांचे नऊ. सॅन फ्रान्सिस्कोच्या नवांपैकी चारेक दिवस नुसतं पाणी: दोन जाताना, दोन येताना. गोल्डन गेट पुलाखालून बाहेर पडलं की थेट उघडा पॅसिफिक. काही जणांना हे असे दिवस फार आवडतात म्हणे. पुस्तक वाचावं, झोपावं, पुन्हा खायला जावं. मला कशेडीच्या घाटात एसटी लागते. मला बोट लागणार नाही असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. ‘‘आलेपाक घे बरोबर,’’ ह्यांनी सुचवलं. चार दिवस पुरेल एवढा आलेपाक घेऊन मी अमेरिकेच्या विमानतळावर कशी उतरणार, हा मुद्दा इतिवृत्तात नोंदवला गेला आणि सॅन फ्रान्सिस्को मागे पडलं.

मग सिएटल. त्याच्या बाजूने सगळ्यांत भक्कम मुद्दा व्हिसाचा. अमेरिकेचा व्हिसा आमच्याकडे होताच. व्हँकुव्हर म्हटलं की कॅनडाचा वेगळा व्हिसा आला. पुन्हा फॉर्म, पुन्हा बँकेची स्टेटमेंटं, पुन्हा बोटांचे ठसे. ‘‘माझे ठसे उरलेतच कुठे? नोटा मोजून झिजले सगळे,’’ हे म्हणाले. सिएटल जवळजवळ पक्कं झालं होतं. तेवढ्यात सुनेने वेळापत्रकातली एक ओळ शांतपणे वाचून दाखवली. शेवटच्या संध्याकाळी बोट व्हिक्टोरियाला लागते आणि मध्यरात्रीच्या आत निघते.

‘‘छान! व्हिक्टोरिया कुठे आलं?’’

‘‘कॅनडात, बाबा.’’

या व्हिक्टोरियाच्या थांब्यामागे १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी वाहून नेऊ नयेत, असा तो कायदा. त्या काळच्या देशी बोटवाल्यांच्या धंद्याला संरक्षण म्हणून केलेला. आता या मोठ्या बोटींवर झेंडा कुणाचा, तर बहामाचा, नाहीतर पनामाचा, नाहीतर बर्म्युडाचा. त्यांनी सिएटलहून माणसं घेऊन, अलास्का दाखवून सिएटललाच परत सोडायची, तर वाटेत एखाद्या परक्या देशाच्या बंदराला शिवावंच लागतं. म्हणून बोट व्हिक्टोरियाला जाते, लग्नाच्या मांडवात तोंड दाखवून, पाकीट देऊन, न जेवता निघणाऱ्या पाहुण्यांसारखी. रात्रीच्या त्या चार-पाच तासांत उत्साही मंडळी तिथल्या प्रसिद्ध बुचार्ट बागेत फुलं बघायला जातात, अंधारात. कोविडमध्ये कॅनडाने क्रूझ बोटींना बंदरं बंद केली, तेव्हा हा वाटेतला शिवाशिवीचा खेळच थांबला आणि अलास्काचा हंगाम वाचवायला २०२१ साली अमेरिकेच्या संसदेला तेवढ्यापुरता खास कायदा करावा लागला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या बोटवाल्यांची पुण्याई अशी अजून कुणाकुणाला भोवते आहे. त्यात आता ठाण्यातलं एक निवृत्त जोडपंही आलं.

म्हणजे सिएटल घ्या की सॅन फ्रान्सिस्को, कॅनडाचा व्हिसा टळत नाही. ज्या खांबावर एवढे दिवस तंबू उभा होता तो खांबच निघाला. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. बँकवाल्याला कायद्याविषयी आदर असतो. पण बोटांचे ठसे द्यायचेच आहेत तर निदान त्या देशात दिवसाउजेडी तरी जावं, असं त्यांना वाटलं असणार.

मधली गावं म्हणाल तर कुठल्याही बंदरातून साधारण तीच: ज्युनो, स्कॅगवे, केचिकन. ज्युनो ही राज्याची राजधानी, पण तिथे बाहेरून जाणारा रस्ताच नाही. आमदारसुद्धा विमानाने नाहीतर बोटीने येतात. केचिकनला वर्षाला दीडशे इंच पाऊस पडतो आणि पाऊस मोजायची भली मोठी पट्टी धक्क्यावर कौतुकाने उभी केली आहे. आंबोलीत याच्या दुपटीच्या घरात पडतो, आणि तिथे कुणी पट्टी लावलेली मला तरी दिसली नाही.

फरक पडतो तो वाटेत. सिएटलची बोट बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून वर जाते. व्हँकुव्हरची बोट लायन्स गेट पुलाखालून निघते आणि बेट नि मुख्य भूमी यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून जाते. दोन्ही बाजूंना डोंगर, झाडी, पाणी बऱ्यापैकी शांत. बेट चांगलं साडेचारशे किलोमीटर लांब. अगदी उंच बोटी त्या पुलाखालून मावत नाहीत, म्हणून त्या आपोआपच सिएटलच्या वाट्याला जातात. म्हणजे पुलाने आपल्यासाठी आधीच एक निवड करून ठेवलेली आहे: पाण्यावरची घसरगुंडी पाहिजे की खिडकीतून डोंगर.

या वाटेवर सेमूर नॅरोज नावाची एक खिंड आहे. तिथे भरती-ओहोटीच्या वेळी पाण्याला पंधरा नॉटपर्यंत ओढ असते. खाली रिपल रॉक नावाचा दोन शेंड्यांचा खडक होता. त्याने शंभरावर बोटींना जलसमाधी दिली किंवा जायबंदी केलं. शेवटी समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, त्या खडकाच्या पोटात दारू भरून ५ एप्रिल १९५८ रोजी तो उडवला, आणि कॅनडाच्या टीव्हीने तो स्फोट घरोघरी थेट दाखवला. खडक गेला, पण ओढ राहिलीच. आजही बारा-पंधरा मजली बोट पाणी थबकण्याची घटका साधूनच तिथून निघते. कप्तानाला घाई असो नसो, पाण्याला विचारावं लागतं.

हे वाचल्यावर माझं मत झालं. माझी आजी जयगडची. मुंबईची आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. पडाव भरती बघून सुटे. पावसाळ्यात बोटी बंदच. हे बंदर की ते, सात रात्री की दहा, असं तिला कुणी विचारलं नाही. मुंबईला बाळंतपणाला जायचं की बोट येईल त्या दिवशी ट्रंक घेऊन धक्क्यावर बसायचं. खिंडीपाशी पाण्याची वाट बघत उभी राहणारी बोट म्हणजे माझ्या ओळखीतली. ‘‘आपण व्हँकुव्हर घेऊ,’’ मी म्हटलं. कारण सांगितलं नाही. ‘आजीचा पडाव’ हा रकाना मुलाच्या एक्सेल शीटमध्ये नव्हता.

बोटीतल्या नोकरीत आयुष्य काढलेल्या एका ओळखीच्या गोवेकराला मी सहज विचारलं की, तुम्हाला कुठलं बंदर आवडायचं? म्हापशाचा माणूस, स्वयंपाकघरात वर चढत गेलेला. करार एकेका वेळी सात-आठ महिन्यांचा. तो म्हणाला, ‘‘जिथे धक्क्यापासून जवळ फुकट वायफाय मिळतं ते.’’ प्रवासी हिमनदीचे फोटो काढायला कठड्याशी गर्दी करतात तेव्हा त्याच्याकडे शेकडो माणसांचं दुपारचं जेवण असे. ग्लेशियर बेमधून तो कित्येकदा गेला. बर्फ कोसळताना आवाज कसा येतो ते त्याने मला तोंडाने करून दाखवलं. बघितला मात्र नव्हता.

आता राहिला पोटभेद. तिथे व्हिटियरने जोरदार मुसंडी मारली. वर नेऊन उतरवणाऱ्या काही बोटी या गावी सोडतात. गावात तीनशेच्या आत माणसं, आणि बहुतेक सगळी एकाच चौदा मजली इमारतीत राहतात. लष्कराने शीतयुद्धाच्या काळात बांधलेली. पोस्ट त्याच इमारतीत, दुकान तिथेच, मुलं शाळेत भुयारातून जातात म्हणजे थंडीत बाहेर पडायला नको. गावात मोटारीने यायला डोंगरातून एकच बोगदा, चार किलोमीटरचा, एकेरी. त्यातून मोटारी आणि आगगाडी आळीपाळीने सोडतात. हे आमच्या सोसायटीचे बरीच वर्षं सेक्रेटरी होते. इतका वेळ खुर्चीत मागे रेललेला माणूस पुढे सरकला.

‘‘म्हणजे अख्खं गाव एक सोसायटी?’’

‘‘हो, बाबा.’’

‘‘गळतीचं काय करतात? वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याकडे आलं, तर जायचं कुणाकडे? महापौरही त्याच जिन्यात!’’

सबंध चर्चेत अलास्काविषयी ह्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. तिथल्या सेक्रेटरीला भेटता येईल का, याची चौकशीही झाली. पण बोट पहाटे लागते आणि प्रवाशांना धक्क्यावरूनच बसने अँकरेजला, विमानतळाकडे पिटाळतात, असं कळल्यावर ह्यांचा रस गेला. इमारत बसच्या खिडकीतून बघून काय करायची? इतिवृत्त वाचायला मिळणार असेल तर गोष्ट वेगळी.

व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर, सात रात्री, जून महिना. व्हिसाचे ठसे देऊन झाले. यंत्राने ह्यांची बोटं बिनतक्रार ओळखली, याचं ह्यांना जरा वाईटच वाटलं. पैसे भरताना मुलाने शेवटचा प्रश्न विचारला: जेवायची वेळ साडेपाचची घेऊ की आठची?

‘‘साडेपाचला जेवायचं? मग चहा कधी?’’

‘‘मग आठ घेतो. आणि बाबा, ज्युनोला जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो. आठला चांगलं ऊन असेल.’’

ह्यांनी विचार केला. ‘‘म्हणजे आठचं ते संध्याकाळचं खाणं झालं,’’ हे म्हणाले. ‘‘जेवणाचं काय?’’