पुढची चाकं, मागचं शहाणपण

गाडी कुठल्या बाजूला ओढते हे सांगायला मेस्त्री लागत नाही. का ओढते, हे सांगायला लागतो. हे मला मान्य नव्हतं. माझ्याकडे पाने होते, जॅक होता आणि दुर्दैवाने रविवारही होता.

आमची जीप जुनी, फोर बाय फोर, महायुद्धातल्या विलीजच्या वंशातली. पुढे अखंड एक्सल, खाली पाटे, आणि बसणाऱ्याची हाडं मोजून देण्याची मोफत सोय. वरंध घाटात एका दगडाने तिला खालून प्रसाद दिला, तेव्हापासून ती डावीकडे ओढायला लागली. साठच्या वर गेलं की स्टीअरिंगला हुडहुडी भरायची. बायको म्हणाली, "दाखवून आणा." मी म्हणालो, "बॅलन्सिंगचं काम आहे."

बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. पुढचे टायर डावे-उजवे बदलले. खोट टायरमध्ये असती तर ओढही बाजू बदलती, पण ती डावीकडेच निष्ठेने राहिली. मग स्टीअरिंग डॅम्पर नवा घातला. हुडहुडी कमी झाली, मी घरी पेढे आणले. डॅम्पर बदलून थरथर घालवणं म्हणजे किडलेल्या दाढेत लवंग धरणं, हे पेढे संपायच्या आतच कळलं. अलाइनमेंटवाला तर हसलाच. "साहेब, ह्याला कॅम्बर जुळवायची सोयच नाही. टो तेवढा बघतो."

तेव्हा मी स्वतः खाली शिरलो. कृती मला पाठ होती. चाक उचलायचं, एक्सलखाली ठोकळे लावायचे, चाक वर-खाली धरून हलवायचं. हललं तर बेअरिंग ढिलं किंवा किंगपिन झिजलेली. मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही चालू राहिलं तर किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉडच्या टोकांवर हात ठेवून बघायचं. झिजलेला सांधा हाताला टकटक लागतो.

ब्रेकवर मेहुणा होता.

"दाबलास?"

"दाबलाय, भाऊजी!"

चाक खुशाल हलत होतं. निदान पक्कं: किंगपिन! दोन्ही बाजूंची किंगपिनची बेअरिंगं आणली, हजारांत पैसे मोजले, ग्रीसने कोपरापर्यंत माखून ती बसवली. गाडी तश्शी. पुढे चहा पिताना उलगडा झाला, की मेहुण्याची सारी हयात स्कूटीवर गेली असून त्याने दाबला होता तो क्लच.

शेवटी भोरच्या एका मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिलं नाही. खिशातून टेप काढला, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घेतलं; आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावी बाजू बोटभर आखूड.

"एक्सल मागं सरकलाय. सेंटर बोल्ट गेलाय बघा."

हा बोल्ट पाट्यांच्या थप्पीतून आरपार जातो आणि त्याचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं. एक्सल जागेवर राहतो तो त्याच्यामुळे. यू बोल्ट नुसते आवळून धरतात; तेही सैल असले की एका दगडात एक्सल तिरका होतो आणि गाडी मागे सरकलेल्या बाजूकडे ओढते. एक्सल जागेवर आणून बोल्ट बदलला, ओढ थांबली. मग मेस्त्रींनी चाक हलवलं, पोऱ्याला ब्रेक दाबायला लावला. हलणं गप्प. बेअरिंगचा नट आवळला, हुडहुडीही गेली.

"किंगपिनचं काम कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी गाडीच्या टपाकडे बघत राहिलो.

"जुनी बेअरिंगं चांगली असणार हो," ते म्हणाले.

चांगलीच आहेत. धुऊन, ग्रीस लावून डब्यात ठेवली आहेत. कुणाला जीपसाठी हवी असतील तर फुकट घेऊन जा. ब्रेक दाबायला मेहुणाही देतो.